शिक्षक सदस्यांसाठी आठवण: आधी लिहा, मग वळून बोला

सर्व सदस्यांना नमस्कार. वर्गात श्रवणयंत्र लावणारं मूल असेल, तर कृपया फळ्यावर लिहिता लिहिता बोलू नका. ओठ दिसले नाहीत की त्याचं अर्धं वाक्य निसटतं. यंत्र आपल्या आवाजासोबत बाक सरकल्याचा आवाजही मोठा करतं, हे आपण फार सहज विसरतो. खिडकीकडे पाठ करूनही उभं राहू नका, उजेड मागून आला की चेहरा काळा दिसतो. आणि 'समजलं का?' असं विचारलं की मूल नुसती मान डोलावतं. त्यापेक्षा काय समजलं ते त्यालाच सांगू द्या.

ब्रेल वाचणाऱ्या मुलांसाठीचा मजकूर आठवडाभर आधी द्या. सहा टिंबांच्या लिपीत पानं तयार व्हायला वेळ लागतो. परीक्षेतल्या जादा वेळेबद्दल पालकांशी आत्ताच बोला, आदल्या दिवशी नको.