मॅडम, तो ३.६ तुम्ही पुसला नाही

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या पोरीला गणित शिकवता, आणि तिचं एक उत्तर तुम्ही फळ्यावर जपून ठेवलंत. त्याबद्दल पालकसभेत तुमच्याशी दोन शब्द बोलायचे होते, पण रांग मोठी होती आणि माझा आवाजही धड निघत नव्हता. म्हणून लिहितो. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो, कारण माझ्या पोरीबद्दल आधी जे बोललं गेलं तेही चारचौघांतच बोललं गेलं होतं.

आधीच्या शाळेतल्या सरांनी तिच्या देखत मला सांगितलं होतं, "हिच्यानं गणित होणार नाही, उगाच पैसा घालू नका." तरी मी पैसा घातलाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत ट्यूशन लावली. मोठा हॉल, गच्च भरलेली पोरं, माइकवर शिकवणारे सर. शंका असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यायची. फी मात्र चिठ्ठीवर चालत नव्हती, ती आधीच रोख. दिवाळीपर्यंत नाही, शाळा उघडायच्या आतच नववीचा पोर्शन 'संपला'. पोरगी रात्री दुकानाचा हिशोब करता करता पुटपुटायची, गोलाचं पृष्ठफळ चार पाय आर वर्ग (४πr²), म्हणजे गोलाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. मी विचारलं, हे चार आले कुठून? म्हणाली, "पुस्तकात आहे."

पुस्तकात खरंच आहे. भूमितीच्या पुस्तकात मोसंब्याची कृती दिली आहे, मी नंतर काढून पाहिली. ट्यूशनवाल्या सरांनी ती "परीक्षेला येत नाही" म्हणून सोडली होती.

तुम्ही सोडली नाही. मोसंब्याची साल नखानं निघत नाही, आपल्या नागपुरी संत्र्याची हात लावला की सुटते, म्हणून तुम्ही संत्री आणायला सांगितली. माझं फळांचं दुकान, त्यामुळे वर्गाची सगळी संत्री आमच्याकडूनच गेली. आंबिया बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या पहिल्या हंगामाचा शेवट होता, कळमन्याच्या बाजारात माल चांगला होता. मी पैसे नको म्हटलं तरी तुम्ही पोरीच्या हाती पाठवून दिले. ते मला अजून पटलेलं नाही, पण ते नंतर.

त्या दिवशी वर्गात काय झालं ते मला तिच्याच तोंडून कळलं, आणि ती सांगताना मध्येमध्ये उठून उभी राहत होती. संत्रं आडवं कापायचं, अर्धी फोड आलेख कागदावर पालथी ठेवून तिच्याभोवती वर्तुळ काढायचं, तशीच आणखी वर्तुळं काढायची. मग साल सोलून, बारीक तुकडे करून वर्तुळं भरत जायची. एका वर्तुळाचं क्षेत्रफळ पाय आर वर्ग, आणि पूर्ण संत्र्याच्या सालीत अशी चार वर्तुळं भरतात, म्हणून चार पाय आर वर्ग. एवढ्या वर्षांत मला कुणी हे दाखवलं नव्हतं, आणि मी रोज संत्री विकतो!

कुणाची चार भरली, कुणाची पावणेचार. चार यायला पाहिजेत हे पोट्ट्यांना आधीच माहीत होतं, त्यामुळे काहींनी तुकडे ऐसपैस मांडले. माझ्या पोरीनं फट न ठेवता, तुकड्याला तुकडा भिडवून लावले. तीन वर्तुळं भरली आणि चौथं निम्म्याच्या थोडं पुढं जाऊन थांबलं. तिनं आलेख कागदावरचे चौकोन मोजले आणि उत्तर काढलं, ३.६. ते ऐकून वर्ग हसला. ती म्हणाली, "मॅडम, माह्यं चुकलं."

मॅडम, इथं आधीच्या सरांनी काय केलं असतं ते मला माहीत आहे. तुम्ही म्हणालात, "हसता काऊन रे? तिनं मोजलं ते सांगितलं." मग तिला विचारलंत, तुझं संत्रं कसं होतं? ती म्हणाली, चपटं होतं. दुकानात गोल माल पुढं मांडतो, तो आधी उठतो, उरलेल्यातलं चपटं ती घेऊन आली होती. आता हे तिला कुठल्या ट्यूशनमध्ये कळणार होतं!

मग तुम्ही सगळ्या वर्गाला तिच्या संत्र्यावरून शिकवलंत. वर्तुळ काढलं ते सगळ्यात रुंद जागेचं, उंची मात्र त्यापेक्षा कमी, म्हणून साल चार वर्तुळांना पुरणार नाही. सूत्र पक्क्या गोलाचं आहे, चपट्या फळाचं नाही. तिचं ३.६ त्या फळापुरतं बरोबरच होतं. पृथ्वीसुद्धा अशीच ध्रुवांकडे दबलेली आहे, विषुववृत्तापाशी त्रिज्या ६३७८ किलोमीटर आणि ध्रुवापाशी ६३५७, हे तुम्ही तिथंच सांगितलंत. पृथ्वीचा हा आकार नेमका कळावा म्हणून १८०२ साली मद्रासपासून भारत मोजायला निघालेला लॅम्बटन नावाचा इंग्रज १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबरही तिथंच आहे, हेही. हिंगणघाट माझी सासुरवाडी. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासऱ्यांनी कापूस, जिनिंग, राजकारण सगळं सांगितलं, हे एवढं राहिलं. नागपुरातल्या झीरो माईलच्या, म्हणजे मोजणीच्या खुणेच्या दगडापुढून मी रोज गाडी काढतो. पोरीनं आता तिथं मला थांबवून मोजणीच्या गोष्टी ऐकवायला सुरुवात केली आहे. मागून हॉर्न वाजत असतात.

यानंतर तुम्ही स्ट्रॉ, कोनमापक, दोरा आणि एक नट घेऊन शाळेच्या पाण्याच्या टाकीची उंचीही मोजून घेतलीत म्हणे. ते सगळं छान. पण माझ्या डोक्यात राहिली ती वेगळीच गोष्ट.

पालकसभेला आलो तेव्हा तुमच्या वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात खडूची चौकट होती. आत ३.६ आणि खाली तुमच्या अक्षरात 'पुसू नये'. त्या कृतीला बरेच दिवस झाले होते. बाजूला दुसऱ्या विषयांचं लिहून पुसून फळा पांढुरका झाला होता, तेवढी चौकट तशीच. म्हणजे रोज येणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं ती वाचली, प्रत्येकानं डस्टर तिथं थांबवला. त्या सगळ्यांचेही आभार. ज्या पोरीचं उत्तर आजवर लाल रेघेखाली गेलं, तिचा आकडा अख्ख्या शाळेनं सांभाळला.

चांगली माणसं फार काही करत नाहीत. दोन शब्द लिहितात, पैसे चुकते करतात, पोराला पोरांसमोर पडू देत नाहीत. हे ज्यांना जमलं नाही त्यांचीही नावं मला पाठ आहेत, पण तुमच्या पत्रात ती कशाला!

आता पैशांचं. फेब्रुवारीत मृग बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या दुसऱ्या हंगामाचा माल येईल. दुसऱ्या तुकडीची कृती राहिली आहे असं पोरगी सांगत होती. या वेळी गोल एका पेटीत आणि चपटी दुसऱ्या पेटीत, अशी वेगळी काढून पाठवतो. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहा, असं तिचंच म्हणणं आहे. पैसे पाठवू नका. पाठवलेत तर मी ते पेटीत घालून परत पाठवीन.

आपला नम्र,
नववीतल्या एका मुलीचा बाप