सांगली-मिरज दाखवताना पत्त्यासोबत वेळही छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या लागल्या की सांगलीची एक ठरलेली यादी फोनाफोनी फिरू लागते. गणपती मंदिर, आयर्विन पूल, भडंगाची दोन पाकिटं आणि तिथून थेट नरसोबाची वाडी. अर्ध्या दिवसात सांगली उरकते. यादीतलं एकही ठिकाण चुकीचं नाही. पण १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली, पाच लाखांवर वस्तीचं शहर झालं, आणि त्यातलं खरं बघण्या-खाण्यासारखं बरंचसं या यादीत नाही. त्याचं मुख्य कारण असं, की या शहरातली चांगली गोष्ट ठरावीक वेळीच सापडते. यादी पत्ता देते, वेळ देत नाही. पाहुणा चुकीच्या वेळी पोचतो, बंद दार बघतो आणि ‘इथं काही नाही’ म्हणून परततो. म्हणून हे पत्र.

सुरुवात मिरजेपासून करावी. सांगलीहून शहर बस दिवसभर सुरू असतात, अंतर दहाएक किलोमीटर. मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात सतारमेकर गल्ली आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवायला घेतली, तो धंदा आजही तिथंच चालतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथं जायचं ते कामाच्या दिवशी, सकाळी उशिरा किंवा दुपारी उतरत्या उन्हात. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळावी. वाद्य विकत घ्यायचं नसेल तर तसं आधीच सांगावं आणि काम बघायची परवानगी मागावी. कारागीर कामात असले तरी सहसा नाही म्हणत नाहीत. भिंतीला टेकवलेल्या वाद्याच्या खुंटीला मात्र हात लावू नये. एक खुंटी हलली की लावलेला सूर उतरतो आणि ते पुन्हा जुळवण्यात त्यांचा वेळ जातो.

बघण्यासारखं काय, तर नक्षीकामापेक्षा जवारी, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज जुळवण्याचं काम. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे, तूनच्या लाकडाची दांडी, भोपळ्यावरची लाकडी तबली, पडदे हे सगळं नजरेत भरतं, पण वाद्याचा आवाज ठरतो तो शेवटी, घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर. तार घोडीच्या माथ्यावर एका टोकावर टेकत नाही, किंचित उतरत्या पृष्ठभागाला घासत जाते. तो उतार कारागीर कानशीनं घासून आणतो. दोन हात मारायचे, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. उतार कमी पडला तर आवाज उघडा आणि झणझणीत येतो, जास्त झाला तर दबतो. तानपुऱ्याला तर घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक धागा असतो, तो केसभर पुढेमागे सरकवला की मघाशी मुका वाटणारा तोच षड्ज भरून येतो. वाजवून वाजवून घोडीवर तारेच्या खाचा पडतात, जवारी बिघडते आणि देशभरातली वाद्यं त्यासाठी पुन्हा मिरजेला येतात. कुणी जवारी काढत असेल तर पंधरा मिनिटं गप्प बसून ऐकावं. त्या वेळी गल्लीत फोनची रिंग वाजू देणं हा थेट त्रास आहे. कारागीर फक्त कानावर काम करत असतो.

दर्ग्यातच किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. त्यांचं निधन १९३७ सालचं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं होतं, चिंचेच्या झाडाखाली, आणि देशभरातले कलावंत हजेरी लावायला येतात. श्रोत्यालाही तिथं तिकीट नसतं. ही गोष्ट एकाही पर्यटन-यादीत आमच्या पाहण्यात नाही, आणि ते आम्हाला खरोखर खटकतं.

सांगलीत वसंतदादा मार्केट यार्ड. हळदीचा बाजार बघायचा तर फेब्रुवारी ते मे, नवी हळद आवकेला आली की. रविवारी जाऊ नये, ओटे रिकामे दिसतात. सौदा सुरू असताना बाजूला उभं राहावं, ढिगावर पाय पडू देऊ नये. व्यापारी हळकुंड मोडून बघतो ते नीट पाहावं. चांगलं वाळलेलं हळकुंड कट्कन मोडतं आणि आत गडद केशरी-पिवळं दिसतं. वाकलं किंवा चिवट मोडलं तर आत ओल आहे, अशी हळद घरी ठेवली की बुरशी धरते. घरी न्यायची तर पूड न घेता हळकुंडंच घ्यावीत. एक दिवस कडक उन्हात द्यावीत आणि फक्त हळद दळणाऱ्या गिरणीत दळून घ्यावीत. मिरची दळणाऱ्या गिरणीतली हळद तिखट लागते, मग दूध-हळद घेताना घसा धरतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळालं, पण पाहुण्याला अजून पाकिटातली पूडच दाखवली जाते.

या हळदीची जुनी कोठारं म्हणजे हरिपूरची पेवं. तोंड अरुंद, पोट मोठं, जमिनीतच खोदलेली. आत हवा खेळत नसल्यानं कीड लागत नसे आणि हळद वर्षानुवर्षं टिकत असे. २००५ च्या महापुरात पाणी आत शिरलं आणि बहुतेक पेवं निकामी झाली. आज तिथून चालत गेलं तरी पायाखाली काय होतं हे कळायला मार्ग नाही, कारण फलक नाही. सांगलीच्या व्यापाराचा एवढा मोठा पुरावा एका पाटीवाचून बुजतो आहे.

हरिपूरला जायचं ते मात्र आवर्जून, संध्याकाळी. सांगलीहून रस्ता चिंचेच्या जुन्या झाडांखालून जातो. शेवटी संगमेश्वराचं देऊळ आणि कृष्णा-वारणेचा संगम. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचं हे गाव. श्रावणी सोमवारी गर्दी असते, एरवी शांत. पावसाळ्यात निघण्याआधी आयर्विन पुलाची पाणीपातळी विचारावी. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पाणी वाढत असेल तर घाटाच्या पायऱ्यांवर उतरू नये, शेवाळ धरलेल्या दगडावर पाय टिकत नाही. २०१९ साली पातळी ५७ फुटांवर गेली होती, हे नदीकाठी फिरणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

आता खाण्याचं. दुकानांची नावं मुद्दाम देत नाही. मालक बदलतो, आचारी बदलतो, यादी मात्र तशीच फिरत राहते. चांगलं ओळखायचं कसं हे कळलं तर गल्लीतलं अनोळखी दुकानही हाती लागतं.

भडंग आधी. चुरमुरा पातळ आणि कुरकुरीत हवा. मूठभर हातात घेऊन सोडावं. तळहाताला तेल लागलं तर फोडणी जास्त, नुसती लाल पूड लागली तर मसाला चुरमुऱ्याला धरलेला नाही. लसूण सालासकट ठेचून तांबूस होईपर्यंत परतलेला असावा. लसूण कच्चा राहिला की दोन दिवसांत भडंग मऊ पडतं आणि वास मारतं. तिखट-हळद गॅस बंद करून घातलेली असेल तर रंग लाल राहतो, तापल्या तेलात घातली तर करपून काळपट होते. मीठ आणि पिठीसाखर तळाशी बसते, म्हणून दुकानदार डबा खालपासून हलवून देतो का बघावं. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊ नये. घरून डबा न्यावा, झाकण घट्ट हवं.

कट वडा सकाळचा. कट म्हणजे पातेल्यात वर तरंगणारी तर्री, नुसता रस्सा नव्हे. वडा आणि कट वेगळा मागावा आणि टेबलावर ओतावा. आधीच बुडवून ठेवलेल्या वड्याचं आवरण सुटतं आणि खाली लगदा उरतो. अख्खा मसूर ईश्वरपूरच्या (पूर्वीचं इस्लामपूर) बाजूचा, आता सगळीकडे मिळतो. मसूर शाबूत दिसला पाहिजे, पण बोटानं दाबला की पीठ झाला पाहिजे. उन्हाळ्यात रात्री उशिरा मागवू नये, सकाळचं शिजवलेलं आंबतं.

खानावळीत बारा ते दोन. शाळूची भाकरी हातावर थापून समोर तव्यावर पडत असेल तर तिथं बसावं. ‘भाकरी आत्ता टाकणार का?’ एवढं विचारलं की पुरतं. अडीचनंतर बहुतेक ठिकाणी थंड भाकरी आणि भात उरतो. थंडीत कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत किंवा भरलं वांगं मागावं. देठ हिरवं आणि काटेरी असेल तर वांगं ताजं. उन्हाळ्यात त्यात बिया भरतात, मग ते मागू नये.

बेदाण्याचं थोडक्यात. नवा माल मार्चनंतर येतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो, त्यामुळे फार स्वस्त दिसला तर जुना किंवा मिसळलेला समजावा. हिरवा बेदाणा घरी आणल्यावर फ्रीजमध्ये ठेवावा, बाहेर तो काही आठवड्यांत तपकिरी पडतो.

आमची विनंती दोन ठिकाणी आहे. महापालिकेनं सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी आणि हरिपूरच्या पेवांच्या जागी मराठी आणि कन्नडमध्ये फलक लावावेत; मिरजेत येणारे बरेच पाहुणे कर्नाटकातले असतात असं तिथल्या बाजारात कुणीही सांगेल. आणि आपल्या वृत्तपत्रानं आठवड्यातून एक छोटी चौकट द्यावी: ठिकाण, कोणत्या महिन्यात, किती वाजता, कोणत्या दिवशी बंद, कोणती बस. त्यात जाहिरात नको, दुकानाचं नाव नको. पहिली चौकट मीरासाहेबांच्या उरुसाची असावी. तो हिजरी पंचांगानं ठरतो, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि बाहेरगावच्या रसिकाला ती कळतच नाही. तारीख निदान महिनाभर आधी छापली तर त्याला रेल्वेचं आरक्षण करून येता येईल.

आपले,
सांगली-मिरजेतील काही वाचक