'हीरोज'मधल्या त्या खुणेची नोंदवही ठेवणाऱ्यास, मनापासून आभार

प्रिय नोंदवहीकार,

तुम्ही कुठेच नाव लावलेलं नाहीत, म्हणून याच नावाने हाक मारतो. टिम क्रिंग यांची 'हीरोज' ही मालिका २५ सप्टेंबर २००६ ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि ८ फेब्रुवारी २०१० ला संपली. त्यात जागोजागी डोकावणारी ती वळणदार खूण फ्रेमफ्रेममधून शोधणं तेव्हापासून चालूच आहे. शोधणारे चिक्कार, 'ही ती नव्हे' असं ठणकावून सांगणारे हाताच्या बोटांवर. खुणेच्या नोंदींच्या तुमच्या तक्त्यात 'नाही' असा शेरा मारलेल्या ओळी आहेत, आणि प्रत्येक शेऱ्यापुढे कारण आहे. आमचे आभार मुख्यतः त्या ओळींसाठी.

खुणेचा आकार ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी एक वाक्य: डीएनएचा दुहेरी जिना उभा चिरला, तर एक वळता कठडा आणि त्याला चिकटलेल्या अर्ध्या पायऱ्या उरतील, साधारण तसं. बरेच प्रेक्षक तिला आरएनएची खूण म्हणतात ते यामुळेच. आरएनए बहुधा एकाच धाग्याचा असतो. पण अडचण अशी की वळलेली कुठलीही वायर, सावली, पाण्याचा ओघळ आणि त्याला छेदणारी एखाददुसरी रेष एवढ्यावर माणसाचा मेंदू खूण 'बघून' मोकळा होतो. तुम्ही तो मार्गच बंद केलात. मालिकेतल्या दंतकथेतला जपानी योद्धा ताकेझो केन्सेई, त्याच्या तलवारीच्या मुठीवरची एक स्वच्छ फ्रेम संदर्भ म्हणून ठरवलीत आणि संशयित फ्रेम तिच्यावर ५० टक्के पारदर्शक थर म्हणून ठेवायची पद्धत घातलीत. थर फिरवायला परवानगी, लहानमोठा करायला परवानगी, पण एकाच दिशेने ताणायला मनाई. ताणू दिलं की इंग्रजी एसचं कुठलंही वळण बसतं.

या मनाईला तुम्ही ठेवलेला एकमेव अपवादही नेमका आहे. अमेरिकी डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ४८० पिक्सेलमध्ये साठवलेलं असतं आणि रुंद पडद्यावर दाखवताना ते ८५४ बाय ४८० होतं. काही प्लेअर स्क्रीनशॉट घेताना साठवलेलं चित्र जसंच्या तसं देतात. मग खूण सुमारे १६ टक्के अरुंद दिसते, फाट्यांचा (म्हणजे त्या अर्ध्या पायऱ्यांचा) तिरकेपणा वाढतो, आणि खरी नोंद बाद व्हायची वेळ येते. म्हणून आधी रुंदी ८५४ करून घ्यायची आणि मगच थर ठेवायचा. हे तक्त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलंत, त्यामुळे निम्मे वाद सुरू होण्याआधीच मिटले.

वेळेच्या नोंदींचंही तसंच. कुणी म्हणायचं खूण अमुक मिनिटाला आहे, दुसऱ्याला ती तिथे सापडायची नाही, आणि दोघं एकमेकांना खोटं पाडायला निघायचे. मूळ चित्रीकरण सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं, युरोपातल्या पाल (तिथली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर तेच २५ फ्रेमने धावतं. ४३ मिनिटांचा भाग तिथे सव्वाएक्केचाळीस मिनिटांत संपतो, म्हणजे शेवटाकडे जवळजवळ पावणेदोन मिनिटांचा फरक. तुम्ही प्रत्येक नोंदीला प्रतीचा प्रकार जोडलात आणि पालची वेळ १.०४२७ ने गुणून एकाच मापात आणलीत. शिवाय वेळेच्या शेजारी दृश्यातला संवादाचा एक शब्द. आम्हाला विचाराल तर हा शब्दच सगळ्यात उपयोगी. आकडे चुकतात, जाहिरातींच्या जागा कापल्याने सरकतात. संवाद जागचा हलत नाही.

टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या जुन्या प्रतींबद्दलचा तुमचा इशारा नव्या लोकांनी दोनदा वाचावा. त्या प्रसारणात चित्रपटाच्या ४ फ्रेम व्हिडिओच्या ५ फ्रेममध्ये पसरलेल्या असतात आणि त्या पाचांतल्या दोन फ्रेम शेजारच्या दोन चित्रांची भेसळ असतात. हलणाऱ्या वस्तूच्या कडेला त्यात आडवे दात दिसतात. वळलेली कड आणि तिला आडवे दात! खुणेची याहून फसवी नक्कल कुणी मुद्दाम करायला बसला तरी जमणार नाही. साधं डीइंटरलेस (असे आडवे दात घालवायची नेहमीची गाळणी) लावून हे नीट सुटत नाही. टेलिसिने (४ फ्रेमच्या ५ करण्याची ती प्रक्रिया) उलटा फिरवावा लागतो, म्हणजे मूळ ४ फ्रेम परत मिळतात. ते जमत नसेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये ई हे बटण दाबत एकेक फ्रेम पुढे जायचं आणि फाटे सलग फ्रेममध्ये टिकतात का ते बघायचं. वस्तूवर काढलेले फाटे वस्तूबरोबर सरकतात. भेसळीचे दात दोन फ्रेम दिसून नाहीसे होतात.

आणि ते आठ पिक्सेलचं प्रकरण. डीव्हीडीचं एमपेग-२ कॉम्प्रेशन चित्र ८ बाय ८ च्या चौकोनांत तोडतं. अंधाऱ्या दृश्यांत, आणि या मालिकेत अंधाराला तोटा नाही, त्या चौकोनांच्या कडा फिकट आडव्या रेषा होऊन वर येतात. तुम्ही सुचवलेली तपासणी अगदी साधी आहे: मूळ आकाराच्या चित्रात दोन फाट्यांमधलं अंतर मोजा. ते ८ किंवा १६ आलं आणि फाटे काटेकोर आडवे असले, तर ती खूण यंत्राची. मोजमाप चित्र मोठं करण्याआधी करायचं, नाहीतर आकडा विरघळतो. स्क्रीनशॉट पीएनजीत ठेवायचा, कारण जेपेग स्वतःचे नवे चौकोन आणतो. शार्पन (कडा धारदार करणं) अजिबात नाही. त्याने गडद कडेशेजारी पांढरी कड उमटते आणि एका रेषेच्या तीन होतात. उजेड वाढवायला हरकत नाही, फक्त मूळ चित्र शेजारी हवं.

आता आरसे. निकी आणि जेसिका ही अली लार्टरची दुहेरी भूमिका आरशांवर उभी आहे, आणि जेसिकाच्या खांद्यामागे खुणेचं गोंदण आहे. आरशातून दिसली की खूण उलटी होते. दुहेरी आरशात पुन्हा सुलटी. वर संकलक कधी कधी नजरेची दिशा जुळवण्यासाठी अख्खा शॉटच उलटा करतात. तुमच्या तक्त्यात 'दिशा' हा स्वतंत्र रकाना आहे आणि उलट्या नोंदीला तीन प्रश्न आहेत: दृश्यात आरसा आहे का, कुठे अक्षरं उलटी दिसतात का, पात्राच्या केसांचा भांग आधीच्या शॉटमध्ये कोणत्या बाजूला होता? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत उलट्या खुणेतून अर्थ काढायचा नाही. 'उलटी खूण म्हणजे दुष्ट बाजू' हा लाडका सिद्धांत तुमच्या एका रकान्याने गारद केला, आणि त्याबद्दल आम्हाला तिळमात्र दुःख नाही.

एका ठिकाणी मात्र आम्ही तुमच्याशी सहमत नाही. भविष्य रंगवणारा चित्रकार आयझॅक मेंडेझ या पात्राची चित्रं मालिकेसाठी टिम सेल यांनी काढली. त्यांच्या रेषेतच जाडबारीक वळणं आणि झटक्याचे फटकारे आहेत, म्हणून तुम्ही चित्रांतल्या बहुतेक नोंदी 'शैली' म्हणून बाजूला ठेवल्यात. तर्क बरोबर, कात्री जरा जास्त चालली. ज्या चित्रात रेष कुठल्याही वस्तूची कड नाही, सुटी उभी आहे, तिथे शैलीचं कारण पुरत नाही. अशा नोंदी 'संशयित'मध्ये तरी असाव्यात. उलट 'फाइव्ह इयर्स गॉन' या भागातल्या हिरो नाकामुरा या पात्राच्या दोऱ्यांच्या जाळ्यातल्या सगळ्या नोंदी तुम्ही एका फटक्यात काढल्यात ते उत्तम केलंत. खोलीभर ताणलेल्या दोऱ्यांत कॅमेरा सरकला की कुठलाही आकार तयार होतो.

गाळून जे उरलं त्याने मालिका बघण्याची पद्धत बदलते, म्हणून तुमच्या 'वस्तू' आणि 'दर्शन' या वेगळ्या रकान्यांचं कौतुक. 'हेशियन' या पात्राच्या गळ्यातलं, खूण असलेलं पदक कितीदाही दिसो, वस्तू एकच. दुसऱ्या पर्वात पीटर हे पात्र आयर्लंडमधल्या कॉर्कच्या बंदरात कंटेनरमध्ये सापडतो तेव्हा तेच पदक त्याच्या गळ्यात असतं; तुमच्या तक्त्यात ती नवी खूण होत नाही, जुन्या वस्तूचा नवा मुक्काम होतो. तलवार, पदक, गोंदण: ठाम नोंदी अंगावर किंवा हातात बाळगलेल्या वस्तूंवर जमा होतात, भिंती आणि फर्निचरवर नाही. पहिल्या पर्वाच्या बाराव्या भागात, 'गॉडसेंड'मध्ये, तलवारीवरच्या खुणेचा दैवी देणगीशी जोडलेला अर्थ सांगितला जातो, आणि तो या वाटणीशी जुळतो. ग्रहण हे मालिकेचं दुसरं आवडतं चिन्ह. त्याला वेगळी यादी दिलीत हेही बरं, नाहीतर दोन्हींची खिचडी झाली असती. पहिल्या पर्वाच्या डीव्हीडीवरच्या ७३ मिनिटांच्या अप्रसारित पहिल्या भागाच्या नोंदीही प्रसारित भागापासून वेगळ्या आहेत. त्यात कथाच थोडी वेगळी आहे, तेव्हा दोन्हींची बेरीज चुकीचीच ठरली असती.

राहता राहिल्या मालिकेसोबत आलेल्या कॉमिक्स. तिथे चौकट मुळात रेखाटलेली, म्हणून थर ठेवण्याचा नियम सैल करावा लागेल. आमचं मत: एकाच अंकात खूण किमान दोन चौकटींत, एकाच वस्तूवर दिसली तरच नोंद करावी. पटलं तर तक्त्याला तसा रकाना जोडा; पहिल्या वर्षाच्या अंकांची छाननी आम्ही आपसांत वाटून घेऊ. 'नाही'च्या ओळी तेवढ्या पुसू नका. त्याच त्या फ्रेम दर काही महिन्यांनी नव्या उत्साहाने परत येतात, आणि तेव्हा ओळीचा क्रमांक सांगितला की काम भागतं.

कळावे, लोभ असावा.

आपले,
फ्रेम फ्रेम पुढे सरकत मालिका बघणारे काही जण