संदर्भ क्रमांक तीन कुठंय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात भाडेवाढीच्या, रिक्षा स्टँडच्या, नवीन धोरणाच्या बातम्या येतात त्या सगळ्या 'मंजुरी मिळाली' नाहीतर 'सोमवारपासून लागू' अशाच येतात, म्हणजे ताट वाढून झालं की मग आपल्याला हाक. यात तुमची चूक नाही, त्याच्या आधीचं काही बाहेर येतच नाही तर तुम्ही तरी काय छापणार. त्यावरच लिहितेय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त संदर्भ क्रमांक तीनचा भाग ठेवा.

मी भांडुप पश्चिमेला राहते, एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे, रोज शेअर रिक्षानं स्टेशन आणि तिथून ट्रेन. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी बघते तर संध्याकाळची आमची रिक्षाची लाइन जिथून सुटते तिथे बॅरिकेड लावलेले आणि खांबाला सेलोटेपनं एक ए-फोर कागद चिकटवलेला. पावसानं शाई पसरलेली, सही कोणाची ते कळत नव्हतं, पण 'मार्गदर्शक सूचनांनुसार शेअर रिक्षा थांबा स्थलांतरित करण्यात येत आहे' एवढं वाचता आलं. संध्याकाळी उतरले तर नवीन जागा स्टेशनच्या पायऱ्यांपासून चालत सहा-सात मिनिटं, मध्ये गटाराचं काम चालू, लाइट नाही. रिक्षावाल्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, आम्हाला पण काल रात्री सांगितलं." म्हणजे ज्यानं रोज तिथे उभं राहायचं त्याला पण माहीत नाही आणि जिनं रोज तिथून बसायचं तिला पण नाही.

आता खरं सांगायचं तर जागा हलवल्यानं स्टेशनचा रस्ता मोकळा झालाय, बस एका दमात वळते, आधी ती दहा मिनिटं हॉर्न मारत उभी असायची. त्यामुळे निर्णय चुकीचाच होता असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या 'मार्गदर्शक सूचना' कुठल्या, कधी ठरल्या, आणि ठरवताना गुडघे दुखणाऱ्या माणसानं सहा मिनिटं कसं चालायचं हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला होता का, हे बघायला मिळावं.

म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ऑफिसचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांशी माझं भांडण नाही. उत्तर आलं एकोणतिसाव्या दिवशी, ही एक कला आहे बघा, तीस दिवसांची मुदत असते तर उत्तर कधी दहाव्या दिवशी येत नाही. वर विषय, त्याखाली संदर्भ. १ म्हणजे माझा अर्ज, २ म्हणजे वरिष्ठ कार्यालयाचं पत्र, ३ म्हणजे 'बैठकीतील चर्चा'. आणि खाली मजकूर काय, तर 'उपरोक्त संदर्भ क्र. ३ नुसार कार्यवाही करण्यात आलेली आहे'. झालं. दोन नंबरची झेरॉक्स जोडलेली, त्यात पुन्हा 'मार्गदर्शक सूचनांचे पालन करावे' एवढंच. तीन नंबर जोडलेलाच नाही, त्याला तारीख पण नाही.

हाफ डे टाकून प्रत्यक्ष गेले. तिथल्या बाबूंनी बसायला खुर्ची दिली, फाइल पण काढली, आणि मग म्हणाले, "मॅडम, बैठकीचं इतिवृत्त अंतर्गत असतं हो, ते बाहेर द्यायचं नसतं." मी म्हटलं अहो पण त्या अंतर्गत कागदावर मी रोज बाहेरच्या रस्त्यावर चालतेय. ते हसले. माणूस वाईट नव्हता, त्यांनाही कोणी तेच सांगितलं असणार.

आमच्या कामात व्हाउचरला बिल लावलेलं नसेल तर साडेतीनशे रुपये पण पास होत नाहीत, साहेबांचा माणूस असला तरी आम्ही परत पाठवतो. इथे अख्ख्या स्टेशनची माणसं हलवली आणि व्हाउचरला बिलच नाही.

मग मी जरा वाचायला लागले, नवरा म्हणतो तुला आता हेच काम. पण वाचल्यावर खेळ कळला. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात कलम २१२ आहे, सरकारला या कायद्याखाली 'नियम' करायचे असतील तर आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो. तो राजपत्रात येतो, हरकती-सूचनांना मुदत असते, आलेल्या हरकतींचा विचार करून मगच नियम पक्के होतात. राजपत्र वाचतं कोण हा वेगळा प्रश्न, पण दार तरी आहे. हीच गोष्ट 'नियम' न म्हणता 'मार्गदर्शक सूचना', 'धोरण', 'कार्यपद्धती' म्हणून जीआर नाहीतर परिपत्रकानं काढली की ही अट लागत नाही. जीआर वेबसाइटवर येतो, वर 'वाचा' म्हणून जुन्या पत्रांची यादी, खाली 'राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने', शेवटी लांबलचक संकेतांक, सगळं व्यवस्थित, फक्त तेव्हा तो ठरून गेलेला असतो. आणि त्या 'वाचा'मधली पत्रं वाचायची कुठे हे कुठेच लिहिलेलं नसतं!

मार्गदर्शक सूचना म्हणजे काय नुसता सल्ला, असं कोणाला वाटत असेल तर ॲपवाल्या टॅक्सीचं बघा. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत गर्दीच्या वेळेचं भाडं मूळ भाड्याच्या दीड पटीपर्यंत घ्यायला मुभा होती, जुलै २०२५ च्या नव्या सूचनांत ती मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत गेली. राज्यांनी त्या पाळायच्या की नाही हे राज्यांवर, पण सल्ल्याला किती धार असते ते यावरून कळतं. पावसात गाडी दुप्पट दाखवते तेव्हा आपण ॲपला शिव्या घालतो.

आता खरी गंमत सांगते. माझी नणंद परळला राहते, तिच्याकडे वीज पण बेस्टची आणि दारातली बस पण बेस्टची. विजेचा दर वाढवायचा असेल तर बेस्टला वीज नियामक आयोगाकडे जावं लागतं. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे प्रस्ताव प्रसिद्ध करायचा, पेपरात नोटीस द्यायची, लोकांच्या हरकती घ्यायच्या, जनसुनावणी होते, आणि नंतर आयोगाच्या आदेशात हरकत काय होती, बेस्टनं त्यावर काय उत्तर दिलं आणि आयोगाला काय वाटलं हे एकेक करून छापलेलं असतं. तो आदेश शेकडो पानांचा आणि इंग्रजीत, नणंदेनं काही तो वाचलेला नाही, दर वाढायचा तो वाढतोच, पण कोणी वाचायचा म्हटला तर आहे. त्याच बेस्टच्या बसचं कमीत कमी तिकीट ९ मे २०२५ पासून साध्या बसला ५ चं १० झालं, एसीला ६ चं १२. म्हणजे सरळ डबल. २०१९ च्या जुलैत भाडं उतरवलं होतं आणि तोटा वाढत चालला होता, ते मान्य, कधीतरी वाढवावंच लागणार होतं. पण बसला तसा आयोगच नाही. महापालिकेची मंजुरी, मग मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची मंजुरी, आणि आपल्याला तारीख. बरं महापालिका म्हणजे तरी तेव्हा कोण, ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपलेली, प्रशासक बसलेले होते, बेस्टचा कारभार बघणारी महापालिकेची बेस्ट समितीच अस्तित्वात नव्हती. समिती असताना फार उजेड पडायचा असं नाही, पण निदान विरोधी पक्षाचा एखादा उठून आरडाओरडा करायचा आणि तुमचे बातमीदार ते लिहायचे, तेवढ्यानं तरी आठ दिवस आधी कळायचं.

म्हणजे घरातला बल्ब महाग करायचा तर नणंदेचं म्हणणं ऐकायला खुर्ची मांडलेली, आणि बस डबल करायची तर नाही. कंपनी एकच, बाई एकच.

रिक्षा-टॅक्सीचं त्यातल्या त्यात बरं, तिथे हकीम समिती झाली, नंतर खटुआ समिती झाली, भाडं कशावरून काढायचं याचे अहवाल आहेत. १ फेब्रुवारी २०२५ ला रिक्षाचं कमीत कमी भाडं २३ चं २६ झालं तेव्हा कोणाला हिशोब घालायचा तर घालता आला. हकीम समितीच्या वेळी मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली ती पण अहवाल समोर होता म्हणूनच. कागदच नसेल तर भांडणार कशाशी.

आणि हे सगळं मागायला नवीन कायदा पण नको. माहिती अधिकार कायदा २००५ चा, कलम ४ मध्ये स्वच्छ लिहिलंय की महत्त्वाची धोरणं आखताना आणि लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित सगळी वस्तुस्थिती प्रसिद्ध करायची, ज्यांना झळ बसते त्यांना कारणं द्यायची, धोरण ठरवताना लोकांशी सल्लामसलत करायची काय सोय आहे ती पण सांगायची. ही माहिती कोणी अर्ज करायच्या आधी स्वतःहून द्यायची आहे. केंद्रानं तर ५ फेब्रुवारी २०१४ च्या पत्रानं कळवलं की कायद्यांचे, नियमांचे मसुदे निदान तीस दिवस लोकांसमोर ठेवा. ते केंद्राच्या खात्यांसाठी आहे, पण आपल्या राज्याला तसं करायला कोणी अडवलंय का.

अधिकारी लोक म्हणतात सगळं आधी सांगितलं तर प्रत्येकजण हरकत घेणार, युनियनवाले आडवे येणार, काम व्हायचं नाही. यात तथ्य आहे, मी सोसायटीची सेक्रेटरी होते, पाण्याच्या टाकीचा रंग ठरवायला आमच्या दोन मीटिंगा गेल्या. पण म्हणून मी गुपचूप रंग मारून खाली 'चर्चेनुसार' लिहिलं नाही. शंभर हरकती आल्या तर शंभर ऐकायलाच पाहिजेत असं कोण म्हणतंय, नव्वद एका ओळीत फेटाळा, फक्त ती ओळ लिहा. आमच्या स्टँडचंच घ्या, महिनाभर आधी तोच कागद मराठीत, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून खांबाला लावला असता, खाली कुठे लिहून कळवायचं तो पत्ता, तर कोणीतरी नक्की म्हटलं असतं की जागा ठीक आहे पण आधी गटाराचं काम संपवा आणि दोन दिवे लावा. एवढंच तर होतं. ते दिवे आम्ही नंतर पाच महिने पाठपुरावा करून लावून घेतले, एक लागला, दुसऱ्याचा नुसता खांब उभा आहे.

तुम्हाला एक विनंती, पुढच्या वेळी कुठल्याही वाहतूक खात्याच्या 'मंजुरी'ची प्रेसनोट आली की बातमीदाराला फक्त विचारायला सांगा, मसुदा कधी ठेवला होता आणि हरकती किती आल्या. उत्तर नाही मिळालं तर 'उत्तर मिळालं नाही' असं छापा, दोन ओळींची जागा लागेल.

मी पहिलं अपील टाकलंय, वर वीस रुपयांचा स्टॅम्प. सुनावणीची तारीख यायचीय, आली की पुन्हा हाफ डे. तोपर्यंत तुमच्या वाचकांपैकी कोणी त्या बैठकीला हजर असेल आणि संदर्भ क्रमांक तीनची झेरॉक्स त्यांच्याकडे असेल तर तुमच्या पत्त्यावर पाठवावी, झेरॉक्सचे पैसे मी देईन.

आपली नियमित वाचक,
भांडुप (पश्चिम), मुंबई