मशीनचे पैसे आणि माणसांचे पैसे

लेस्टर,
९ मे २०२१

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर धड बोलणं झालं नाही. मी रात्रपाळीला निघाले होते आणि तुम्ही शाळेतल्या कोविड सेंटरवर. म्हणून लिहूनच पाठवते. वहिनीला मोठ्यानं वाचायला सांगा, आईच्याही कानावर पडू दे.

पैसे तुमच्या मंडळाच्या खात्यावर टाकलेत. माझे आणि तीन मैत्रिणींचे मिळून एक लाख दहा हजार. बाकीच्यांचे का नाहीत, असं तुम्ही विचारलंत. आम्हा चौघींचे पासपोर्ट अजून भारतीय आहेत, त्यामुळे आमच्या बचतीतले पैसे बँकेतून आले तर ते परकीय निधीत धरले जात नाहीत. ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय, त्यांचे मात्र परकीयच ठरतात आणि ते घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याची, नोंदणी लागते. ती मंडळाकडे नाही. त्यांचे माझ्या खात्यातून पाठवले असते तर कुणाला कळलंही नसतं, पण उद्या कुणी हिशेब मागितला तर तुमची मान खाली जाईल. त्यांनी ब्रिटिश एशियन ट्रस्टच्या ऑक्सिजन मोहिमेला दिले. इथे कर भरणाऱ्यानं धर्मादाय संस्थेला एक पौंड दिला की सरकार वर २५ पेन्स घालतं, तेही त्यात मिळतील.

आता मुख्य गोष्ट. बाबा, सगळ्या पैशांची ऑक्सिजनची मशीन घेऊ नका.

पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, मिनिटाला पाच लिटर देतं, त्याहून जास्त नाही. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ९० च्या आसपास आलेल्या माणसाला बेड मिळेपर्यंत त्याचा मोठा आधार आहे. पण ज्याला पंधरा लिटर लागतात त्याला त्या मशीनवर ठेवून वाट बघू नका, लगेच नाशिकला हलवा. मशीन विजेवर चालतं. आपल्याकडे वारा सुटला की लाइट जाते, म्हणून एक भरलेला जंबो सिलिंडर शेजारी हवाच. दहा लिटरनं लावला तरी तो अकरा-साडेअकरा तास पुरतो. फिल्टर कोण धुणार, बिघडलं तर कोण येणार, रात्री दोन वाजता आकडे कोण बघणार, हे आधी ठरवा आणि त्या माणसांसाठी पैसे बाजूला काढा. मशीन इथून पाठवलं नाही ते त्याचसाठी. नाशिकचा दुकानदार निदान दुरुस्तीला तरी येईल.

हे मी गेल्या वर्षी शिकले. एप्रिलमध्ये कॅप्टन टॉम मूर यांची गोष्ट सांगितली होती, आठवतं? महायुद्धात भारतात आणि ब्रह्मदेशात होते ते. शंभरावा वाढदिवस जवळ आला तेव्हा वॉकर धरून अंगणात शंभर फेऱ्या मारायच्या आणि एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, धर्मादाय संस्थांसाठी हजार पौंड जमवायचे, एवढंच त्यांनी योजलं होतं. जमले ३ कोटी २० लाखांहून जास्त. या फेब्रुवारीत ते गेले, कोविडनंच. त्या दिवशी वॉर्डात कुणी फारसं बोललं नाही.

आमचे पगार, औषधं, व्हेंटिलेटर हे सगळं करातून येतं. देणगीचा पैसा जातो तो सरकारी यादीत न बसणाऱ्या गोष्टींकडे. आमच्या वॉर्डात त्यातून व्हिडिओ कॉलसाठी टॅबलेट आले. एका गुजराती आजोबांना भेटायला घरच्यांना परवानगी नव्हती. मी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला टॅबलेट त्यांच्यासमोर धरला आणि त्यांच्या मुलीनं पलीकडून वीस मिनिटं भजन म्हटलं. आजोबा पहाटे गेले. ती मुलगी त्यानंतर मला पत्र लिहिते, दर महिन्याला. त्याच पैशांतून वॉर्डाबाहेर आमच्यासाठी एक खोलीही केली, खुर्च्या आणि चहाची किटली ठेवून. पीपीई उतरवल्यावर तिथं दहा मिनिटं बसता आलं नसतं, तर मी नोकरी सोडली असती. तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

म्हणून म्हणते, एक मशीन घ्या, दोन नको. उरलेल्यातून आपल्या आशाताईंना चांगले मास्क, ऑक्सिमीटर आणि गाडीच्या पेट्रोलला पैसे द्या. उन्हातान्हात दारोदार त्याच फिरतायत, आजारी माणूस आधी त्यांनाच दिसतो. सेंटरवर रात्री थांबणाऱ्या पोरांना जेवण आणि थोडं मानधन द्या. पावतीवर फोटो काढण्यासारखं यात काही नाही, हे मला माहीत आहे. सरपंचांना पटलं नाही तर मला फोन जोडून द्या, मी बोलते.

हिशेब शाळेच्या फळ्यावर लिहा, रोजचा रोज. तुम्ही गणित शिकवायचात तसा, हातच्यासकट.

आईच्या दुसऱ्या डोसचं काय झालं ते कळवा. आणि बाबा, सेंटरवर बसताना खिडक्या उघड्या ठेवा, मास्क नाकावर. फोटोत हनुवटीवर दिसला.

तुमची,
सुमा