जिनिव्हात १९८६ ची पट्टी, घरात २०११ ची

मा. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

आपण उत्तर मुंबईचे खासदार, म्हणून हे पत्र मराठीतच लिहितो. शिवाय अन्न खातंही काही वर्षं आपल्याकडे होतं. रेशनचं धान्य आणि जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेच्या फायली, दोन्ही आपल्या हाताखालून गेल्या आहेत.

जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारानुसार आपल्यासारख्या देशाने हमीभावाने खरेदी करताना दिलेला आधार त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांत बसला पाहिजे. तो मोजायचा मात्र १९८६-८८ च्या भावाशी! तेव्हाचा गहू-तांदूळ क्विंटलला साधारण साडेतीनशे रुपये. २०२५-२६ चा गव्हाचा हमीभाव २,४२५. चाळीस वर्षांची महागाईही सबसिडीच्या खात्यावर. हिशेब डॉलरमध्ये दिला की रुपयाच्या घसरणीमुळे आकडा लहान दिसतो; तसा देऊनसुद्धा २०१८-१९ मध्ये आपला तांदूळ ११.४६ टक्क्यांवर गेला आणि बालीत २०१३ साली मिळालेल्या पीस क्लॉजच्या, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी तक्रार न करण्याच्या हमीच्या, आडोशाला जावं लागलं.

हा आडोसा तात्पुरता होता. कायमचा तोडगा २०१७ पर्यंत निघायचा होता. संघटनेच्या ब्युनोस आयर्सच्या मंत्रिपरिषदेत निघाला नाही, २०२४ मध्ये अबूधाबीतही नाही. आणि त्यात एक मेख आहे: हे संरक्षण फक्त २०१३ मध्ये चालू असलेल्या योजनांना. उद्या तूरडाळ हमीभावाने खरेदी करून दरमहा रेशनवर द्यायची नवी योजना काढली आणि १० टक्क्यांची रेघ ओलांडली, तर पीस क्लॉज कामाला येणार नाही.

डाळीचा विषय मुद्दाम काढतोय. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य मिळतं. डाळ त्या हक्कात नाहीच. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्रात 'आनंदाचा शिधा' आला: शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. बायकांनी पिशव्या भरून नेल्या. पण सण सरला की वरणाचं काय?

कायमच्या तोडग्याची अडवणूक करणाऱ्यांत अमेरिका पुढे असते. डिसेंबर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अन्नाच्या हक्काच्या ठरावाला १८६ देशांनी पाठिंबा दिला, विरोधात दोनच मतं पडली: अमेरिका आणि इस्रायल. तेव्हा नैतिक बाजू आपली आहे, यात वाद नाही. अर्थात जुलै २०२३ मध्ये आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात एका रात्रीत थांबवली, तेव्हा आपल्या तांदळावर जगणाऱ्या पश्चिम आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकांना काय वाटलं असेल, तेही जरा आठवावं. त्याच देशांची मतं आपल्याला जिनिव्हात हवी असतात.

आणि घरचं? जुनी पट्टी अन्यायाची, हे आपण तिथे ठासून सांगता. मग इथे रेशनचा कोटा, म्हणजे लाभार्थ्यांचा इष्टांक, अजून २०११ च्या जनगणनेवर कसा? त्यानंतर वाढलेल्या कुटुंबांना दुकानदार सांगतो, "इष्टांक संपला, वरून वाढला की या." त्या दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नाही.

मागणी एवढीच. पायाभूत भाव चालू बाजाराशी जोडल्याशिवाय आणि नव्या योजनांना संरक्षण मिळाल्याशिवाय कुठल्याही मसुद्यावर सही करू नये. इष्टांक वाढवण्यासाठी नव्या जनगणनेच्या अंतिम आकड्यांची वाट पाहू नये. लोकसंख्येचे अंदाज सरकारकडे आहेतच. आणि डाळ कायद्यात घेण्याबद्दल मंत्रिमंडळात आपली भूमिका काय, ते लेखी कळवावं.

कळावे,
महाराष्ट्रातला एक रेशनकार्डधारक