टर्बो गाडीतील जादा मीटर: कोणते लावावेत, कोणते नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टर्बो इंजिनाची गाडी मॉडिफाय करून तिची ताकद वाढवणाऱ्यांनी डॅशबोर्डवर जादा मीटर बसवावेत की नाही, याविषयी आपल्या वाहनविषयक पुरवणीतील लेखात दोन टोकाची मते मांडली होती. एका मतानुसार आजच्या गाडीतील ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) सगळ्यावर लक्ष ठेवतो, त्यामुळे असले काटे म्हणजे निव्वळ शोभा. दुसऱ्या मतानुसार बूस्ट (टर्बो इंजिनात जादा हवा ज्या दाबाने कोंबतो तो दाब), ऑइलचा दाब, तापमान, व्होल्टेज असे जितके मीटर लावाल तितके इंजिन सुरक्षित. या वादात मूळ प्रश्न बाजूलाच राहिला, तो असा की त्या गाडीच्या ईसीयूला नेमके काय दिसत नाही? ज्या गोष्टीसाठी कंपनीने सेन्सरच दिलेला नाही, किंवा दिला आहे पण मॉडिफिकेशननंतर त्याची कक्षा अपुरी पडते, तिच्यासाठी वेगळा मीटर लावण्यात अर्थ आहे. बाकीचे आकडे ओबीडी पोर्टला (ईसीयूची माहिती वाचण्यासाठी गाडीत दिलेल्या जोडणीला) स्वस्तातले यंत्र जोडूनही वाचता येतात.

या कसोटीवर पहिला क्रमांक लागतो तो ऑइल प्रेशरचा. अनेक गाड्यांत ऑइलच्या दाबासाठी फक्त एक स्विच असतो आणि दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (१ बार म्हणजे जवळपास भोवतालच्या हवेइतका दाब) खाली घसरल्यावरच लाल दिवा लागतो. इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर पूर्ण भाराखाली ओढत असताना ३ ते ४ बार दाब लागतो; तिथे तो १ बारवर आला तरी हा दिवा विझलेलाच राहील. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि तो तोलला जातो ऑइलच्या पातळ थरावर, त्यामुळे दिवा लागेपर्यंत बेअरिंगचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. दर हजार फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार दाब हवा, हा गॅरेजमधला जुना अडाखा आजही ढोबळमानाने उपयोगी पडतो, पण त्याहून मोलाची असते ती आपल्या गाडीच्या नेहमीच्या आकड्याची ओळख. पूर्ण गरम झालेले इंजिन आयडलिंगला एरवी १.३ बार दाखवत असेल आणि तेच ऑइल, तीच पातळी असताना आठवडाभर काटा ०.९ वर थांबत असेल, तर जास्तीचे पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून ते पातळ झाले आहे किंवा बेअरिंगची झीज सुरू झाली आहे, अशी शंका वेळेवर घेता येते. लांब वळण जोरात घेताना काटा क्षणभर झुकून परत वर येत असेल, तर ऑइल चेंबरमध्ये एका बाजूला सरकते आहे आणि पंपात हवा शिरते आहे, असे समजावे. लाल दिव्यावरून यातले काहीही कळत नाही.

दुसरा मीटर हवा-इंधन प्रमाणाचा, म्हणजे वाइडबँडचा (एक्झॉस्टच्या धुरावरून हे प्रमाण मोठ्या कक्षेत मोजणाऱ्या सेन्सरचा). पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग इंधन लागते; पण पूर्ण बूस्टवर ज्वलन आटोक्यात ठेवण्यासाठी हे प्रमाण साधारण ११.५ ते १२ च्या आसपास, म्हणजे बरेच रिच (इंधन जास्त), ठेवले जाते. जुन्या गाड्यांतील नॅरोबँड सेन्सर १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढेच खात्रीने सांगू शकतो. रीमॅपनंतर, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी ईसीयूचे प्रोग्रॅमिंग बदलल्यावर, फ्युएल पंप किंवा इंजेक्टर त्यांच्या मर्यादेला टेकले, तर मिश्रण फक्त वरच्या फेऱ्यांवर लीन (इंधन कमी) होऊ लागते, रोजच्या चालवण्यात काहीच जाणवत नाही आणि अशा गाडीच्या ईसीयूलाही ते उमगत नाही. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मात्र कंपनीचाच सेन्सर वाइडबँड असतो आणि त्याचे आकडे ओबीडीवर मिळतात. अशा मालकाने दुसरा सेन्सर बसवण्यासाठी एक्झॉस्टला भोक पाडण्याआधी हे तपासून घ्यावे. वाइडबँडलाही मर्यादा आहेच. तो सगळ्या सिलिंडरांच्या धुराची सरासरी दाखवतो, त्यामुळे चारांपैकी एक इंजेक्टर चोंदला तर बाकीचे तीन त्याला झाकून टाकतात.

मीटर लावल्याने इंजिन वाचते, हे विधानही जपून करायला हवे. जड भाराखाली जोराचे नॉकिंग (सिलिंडरमध्ये मिश्रणाचा अनियंत्रित भडका) झाले तर पिस्टनच्या रिंगांमधला भाग काही सेकंदांत तुटू शकतो आणि त्याच वेळी चालकाची नजर रस्त्यावर असते, असायलाच हवी. त्या क्षणी टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेणे किंवा ठरावीक बूस्टच्या वर इंधन तोडणे ही ईसीयूची कामे आहेत, आणि रीमॅप करताना ही संरक्षणे बंद केली असतील तर दहा मीटरही ती उणीव भरून काढणार नाहीत. काट्याचा खरा उपयोग बदल लवकर लक्षात येण्यासाठी असतो. म्हणून सर्वाधिक नोंद धरून ठेवणारा, अलार्म असलेला आणि आकडे साठवून देणारा एकच मीटर मला नुसत्या सुंदर काट्यांच्या रांगेपेक्षा कितीतरी पसंत आहे.

गंमत अशी की सगळ्यांत आधी घेतला जातो तो बूस्टचा मीटर, आणि नवी माहिती सर्वांत कमी देतो तोही तोच. ईसीयूकडे दाबाचा सेन्सर बहुधा असतोच. अपवाद एक. काही गाड्यांतील मूळ सेन्सर २.५ बार निरपेक्ष दाबापर्यंतच (भोवतालच्या हवेचा दाब धरून), म्हणजे सुमारे १.५ बार बूस्टपर्यंतच मोजतो; त्यापुढे ट्यून केलेल्या गाडीत ओबीडीचा आकडा तिथेच अडकून राहतो. शिवाय बूस्ट म्हणजे दाब, हवेचे वजन नव्हे. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) तापला की काटा तेवढ्यावरच राहतो आणि सिलिंडरमध्ये हवा मात्र कमी जाते. होजची क्लिप सैल होऊन नेहमीचे १.२ बार १.० वर आले तर हा मीटर ते दाखवतो, हे मान्य. पण तेव्हा टर्बोची शिट्टीही बदललेली असते. एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर डिझेलवाल्यांच्या जास्त कामाचा, कारण तिथे जादा इंधन ओतले की तापमान थेट चढते, मात्र त्याचे थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) टर्बोच्या आधी बसवलेले असावे. कूलंट आणि व्होल्टेज यांसाठी ओबीडी पुरेसे आहे. डॅशबोर्डवरचा कूलंटचा काटा मुद्दामच बऱ्याच मोठ्या कक्षेत मध्यावर स्थिर राहील असा जुळवलेला असतो, ओबीडीवर मात्र खरा आकडा मिळतो.

बसवण्याच्या कामाबद्दल लेखात एक ओळही नव्हती, आणि नुकसान नेमके तिथेच होते. ऑइलची नळी थेट केबिनमध्ये आणणारा यांत्रिक मीटर लावूच नये; नळी फुटली तर तापलेले ऑइल पायांवर येते. विजेवर चालणारा सेन्सर घ्यावा, पण तो जड असल्याने ब्लॉकवरच्या पितळी जोडावर लोंबकळत ठेवू नये, कारण कंपनाने तो जोड तडकतो. लवचीक नळी टाकून सेन्सर बाजूला घट्ट बांधावा. बॉडीकडून अर्थिंग (विजेची जोडणी) घेणाऱ्या सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळली तर आकडा चुकतो. वाइडबँडचा सेन्सर एक्झॉस्ट पाइपच्या वरच्या अंगाला, टर्बोनंतर पण कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी असावा, म्हणजे साचलेले पाणी त्याच्यावर येत नाही; आणि वायरिंग काढून तो पाइपमध्ये तसाच ठेवला तर त्याच्यातला हीटर बंद राहून काजळीने निकामी होतो. काचेच्या कडेच्या खांबावर मीटर बसवण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण अनेक गाड्यांत त्याच आवरणाखाली पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, हे बसवणारा सांगेलच असे नाही.

काम झाल्यावर ताबा घेण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी. बूस्ट आणि ऑइल हे दोन्ही काटे शून्यावर यायला हवेत. नंतर चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरमध्येच वेग उतरू द्यावा. इंधन तुटते त्या क्षणी वाइडबँड लीनच्या टोकाला जायला हवा. पुरवणीच्या पुढील अंकात ऑइल प्रेशरच्या सेन्सरची जोडणी सचित्र छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक